व्याह्यांच्या गोठ्यातला रंगीत टीव्ही

मुलाच्या लग्नानंतर आम्ही पहिल्यांदा व्याह्यांकडे पाहुणचाराला गेलो, तेव्हाची गोष्ट. कळमेश्वरच्या पुढे त्यांचं गाव. संत्र्याची बाग, थोडी कपाशी. मुलाची आई म्हणून माझा मान मोठा. खाटेवर नवी चादर, ताटात पाटवडीचा रस्सा, आणि मी जरा हलले तरी सुनेची आई विचारणार, "काही पाहिजे का?" जेवून हात धुवायला मी मागच्या अंगणात गेले आणि गोठ्याच्या कोपऱ्यात, सरकीच्या पोत्यांमागे, लाकडी खोक्याचा एक मोठा रंगीत टीव्ही दिसला.

मी ओल्या हातानेच पोती बाजूला सारली. टीव्हीच्या मागच्या जाळीत कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं. डोळा जाळीला लावला, पण आत काळोख.

"पेचकस आहे का घरात?" मी व्याह्यांना विचारलं.

ते टॉवेल घेऊन उभे होते. "पेचकस? कायले पाहिजे जी?"

"याचं झाकण उघडून पाहते."

"राहू द्या ना. मेला तो कवाचाच. मुलगी शाळेत होती तेव्हापासून पडून आहे."

माझा नवरा मागून कुजबुजला, "अवं, पाहुणपणाले आलो ना आपण! लोकं काय म्हणतीन?"

लोक काही म्हणाले नाहीत, पण सगळे गोळा झाले. मानाची विहीण नव्या साडीत गोठ्यातल्या जमिनीवर बसली आहे आणि टीव्हीचे स्क्रू काढते आहे, हे पाहायला शेजारच्या दोन बायकाही आल्या. मी टॉर्च मारला. काचेच्या नळीची मान शाबूत होती. मानेच्या आतल्या बाजूला आरशासारखा चकचकीत डाग असतो, तोही तसाच होता. नळीत हवा शिरली की तो डाग दुधासारखा पांढरा होतो, आणि मग त्या नळीला कोणीच वाचवू शकत नाही.

"मेला नाही," मी म्हटलं. "झोपला आहे."

सून दाराशी उभी होती. "आई, तुमाले येते हे?"

तिला तरी कसं माहीत असणार? आमच्या घरात येऊन तिला वर्षही झालं नव्हतं. ती बुटीबोरीच्या कापड कारखान्यात रंगांच्या प्रयोगशाळेत आहे. पहाटे कंपनीची बस, संध्याकाळी थकलेला चेहरा. माझ्याशी अदबीने बोलायची, पण बोलायला विषय नसायचा. तिने मला फक्त साड्यांना फॉल-पिको करतानाच पाहिलं होतं. त्याआधी, माझ्या लग्नाच्याही आधीपासून, मी हिंगण्याच्या एका कारखान्यात रंगीत टीव्हीच्या लाइनवर होते. माझं काम पांढरा रंग जुळवायचं. नळीच्या मानेवर चुंबकाच्या चकत्या असतात. त्या केसभर फिरवल्या की लाल, हिरवा आणि निळा एकमेकांवर नेमके बसतात आणि पडद्यावरची रेघ पांढरी होते. कारखाना बंद पडला आणि ते काम संपलं. नंतर कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

परत येताना टीव्ही संत्र्याच्या क्रेटांसोबत पिकअपमध्ये बसून नागपूरला आला. व्याही हात जोडून म्हणाले, "नाही झाला तरी चालते विहीणबाई, जिवाले लावून घेऊ नका."

आमच्या मागच्या पडवीत टेबल लागलं. काम फक्त रविवारी दुपारी, सुनेची सुट्टी असायची तेव्हा. ती आपणहून आली. म्हणाली, "मले काय करायचं ते सांगा."

"आधी काय करायचं नाही ते ऐक," मी म्हटलं.

लाइनवर आमच्या सुपरवायझर बाईंनी जे घोकून घेतलं होतं, तेच मी तिच्याकडून घोकून घेतलं. प्लग काढायचा आणि डोळ्यांसमोर टेबलावर ठेवायचा, म्हणजे कोणी चुकून लावणार नाही. बांगड्या, अंगठी, मंगळसूत्र काढून ठेवायचं. पायात रबरी चप्पल, डोळ्यांना चष्मा. नळीवर रबरी टोपी असते, तिच्याखाली टीव्ही बंद केल्यावरही वीज दबा धरून बसलेली असते. प्लास्टिकच्या मुठीचा लांब पेचकस घ्यायचा, त्याच्या दांडीला तार बांधायची, तारेचं दुसरं टोक नळीभोवतीच्या उघड्या जाळीच्या तारेला पक्कं अडकवायचं, आणि मग पेचकसाचं टोक हळूच टोपीखाली सरकवायचं. दुसरा हात पाठीमागे.

"पण हा तर किती वर्षांपासून बंद आहे," सून म्हणाली.

"तरी करायचं. आज सवय लागली, तर उद्या चालू टीव्हीवर हात आपोआप तसाच जाईल."

तिने केलं. काही आवाज आला नाही. थोडं थांबून मी पुन्हा करायला लावलं, कारण ती वीज कधी कधी परत जमा होते. तिने कपाळाला आठी घातली, पण केलं.

धूळ झाडायला मोकळी जागा हवी म्हणून नळी बाहेर काढायची होती. स्क्रू निघाले. मी गादी आणायला वळले तेवढ्यात नवरा मदतीला आला आणि त्याने नळी मागून मानेला धरली, मडक्याचा गळा धरावा तशी.

"हात काढा!" मी ओरडले. "मानेले हात लावू नका!"

पूर्ण संसारात मी त्याच्यावर तसा आवाज चढवला नव्हता. तो जागच्या जागी थिजला. सुनेने पुढून नळीच्या काचेचे दोन्ही कोपरे धरले, मी खालून आधार दिला, आणि आम्ही ती गादीवर उपडी ठेवली. तोंड खाली, मान वर. मग मी नवऱ्याला सांगितलं की आत हवा नसते, मान मोडली तर पूर्ण काच आत ओढली जाऊन फुटते आणि तुकडे सुरीसारखे उडतात. लाइनवर एकीच्या भुवईवर तशी खूण होती.

तो आत निघून गेला. मला वाटलं रागावला. नंतर पाहते तर गादीच्या दोन्ही बाजूंना उशा लावत होता, नळी लवंडू नये म्हणून. "आता बरोबर आहे का?" त्याने विचारलं. हिंगण्याला कंपनीची बस चालवत होता, तेव्हा कधी ब्रेक न तपासता निघाला नाही. सावधगिरी त्याला समजावून सांगावी लागत नाही.

दोन-तीन रविवार झाडपूस आणि फुगलेले, सुकलेले भाग बदलण्यात गेले. मग नळी परत खोक्यात बसवली. वीज थेट न देता मधे साधा शंभर वॅटचा बल्ब जोडला. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि टीव्ही वाचतो. बल्ब क्षणभर उजळला आणि मंद झाला. मानेत तांबूस ठिणगी दिसू लागली. पडदा उजळला, पण सगळं हिरवंनिळं. तळ्याच्या पाण्याखालून पाहावं तसं. लाल रंग जवळजवळ नव्हताच.

मला हे माहीत नव्हतं. लाइनवर नळ्या नव्या यायच्या, थकलेली नळी मी कधी हाताळलेली नव्हती. सीताबर्डीत एका जुन्या मेकॅनिकचं दुकान अजून उघडं होतं. त्यांच्याकडे नळीत जोर भरायचं मशीन होतं. ते मशीन घेऊन आपणच आमच्याकडे आले.

"लाल रंगाचे किरण सोडणारा कॅथोड थकला आहे, बाई," ते म्हणाले. "त्याच्यावर पापुद्रा धरते. मशीन तो पापुद्रा जाळते. पण जास्त जळलं तर जो थोडा लाल आहे तोही जाईल. विचार करून सांगा."

मी सुनेकडे पाहिलं. टीव्ही तिच्या वडिलांचा.

"करू या," ती म्हणाली. "पण हळू."

पहिल्यांदा काही फरक पडला नाही. मेकॅनिक जोर वाढवायला निघाले तर मी नको म्हटलं. नळी आधी नीट तापू दे. चहा झाला. मग तेवढ्याच जोराने पुन्हा केलं आणि मशीनचा काटा सरकला, थांबला, आणखी थोडा सरकला. "बस," ते म्हणाले, "आता हाव करायची नाही." टीव्ही लावला. सेट टॉप बॉक्सवर कुठलातरी स्वयंपाकाचा कार्यक्रम चालू होता, आणि बाईच्या हातातलं टमाटर लाल होतं. सून टाळ्या वाजवायला लागली.

खरं अवघड काम पुढे होतं, आणि ते माझं होतं, असं मी समजत होते. चकत्या फिरवायला टीव्ही चालू ठेवून मागे उभं राहावं लागतं, म्हणून पडद्यावर पांढऱ्या रेघांचं चित्र लावून तो दिसायला समोर आरसा ठेवला. एक हात पाठीमागे, दुसऱ्या हाताने प्लास्टिकच्या काडीने चकती ढकलायची. बोटांना सगळं आठवलं. डोळ्यांना दिसेना. रेघेच्या कडेला लाल सुटला आहे की निळा, हे मला कळेचना. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. कडा तशीच विरघळलेली.

"आई, डाव्या बाजूनं लाल बाहेर येऊन राहिला," सून आरशाजवळून म्हणाली.

"किती?"

"एका धाग्याएवढा."

मी चकती ढकलली. "आता?"

"आला जवळ. अजून थोडं. अंऽ, गेला पुढे. मागे घ्या."

मला विश्वास बसेना. पण ती दिवसभर हेच करते. कापडाच्या दोन पांढऱ्यांमधला फरक ओळखायचा तिला पगार मिळतो. मी जिथे पांढरा म्हणाले तिथे ती म्हणाली, "हा पांढरा नाही आई, ह्याच्यात गुलाबी आहे." आम्ही दुपारभर तसंच काम केलं, हात माझे आणि डोळे तिचे. उजवा वरचा कोपरा मात्र शेवटपर्यंत थोडा हिरवटच राहिला. तिथे चुंबकाचा तुकडा चिकटवून पाहिला, तर दुसरीकडे डाग आला. मी तुकडा काढून टाकला.

टीव्ही गावी पोचवला तेव्हा व्याही त्याच्यापुढे खुर्ची टाकून बसले. शेतीविषयक कार्यक्रम लागला होता. त्यांनी बराच वेळ संत्र्याच्या झाडाचा रंग पाहिला. "आमच्या बागेत असाच आहे," म्हणाले. कोपऱ्यातला हिरवा दाखवून मी म्हटलं, "तेवढं जमलं नाही." ते म्हणाले, "असू द्या जी. तिथं झाडाचं पान आहे असं समजतो." पण पुन्हा झाकण उघडायची वेळ आली तर मुलीलाच बोलवा, स्वतः हात घालू नका, हे मी त्यांच्याकडून वदवून घेतलं.

त्या दिवशी परतीच्या रस्त्यावर सून झोपली नाही. एरवी गाडीत बसली की तिची मान कलंडते. तिने विचारलं, लाइनवर किती बायका होत्या, डबे काय आणायच्या, पांढरा जुळला नाही तर बाई काय म्हणायच्या. मी सांगत गेले. नवरा पुढच्या सीटवरून मधेच म्हणाला, "हे मलेही कधी सांगितलं नाही वं तू."

"तुमी विचारलं नाही जी," सून म्हणाली, आणि आम्ही तिघेही हसलो.