रेफरन्ससाठी अक्कांचं नाव

"ते बी सांगू का?"

कुणाची तारीफ केली की अक्का लगेच असं विचारायच्या आणि उत्तराची वाट न बघता त्या माणसाचा दोषही सांगून टाकायच्या. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांची भीती वाटते, तरी आपलं काम तपासायला तीच हवी असतात.

कलबुर्गीत डाळमिलांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या छोट्या ऑफिसात त्या माझ्या वरिष्ठ होत्या. एकदा माझ्या हातून एका मिलच्या दिवसभराच्या तुरीची वजनं पुसली गेली. मी रडतच त्यांच्याकडे गेले.

"रडायलीस कामून? आधी मिलला फोन लाव. तूच सांग."

मी सांगितलं. पलीकडून भरपूर ऐकून घेतलं. मग आम्ही दोघी मिलमध्ये जाऊन बसलो. अक्का वजनाची एकेक चिठ्ठी वाचत होत्या, मी वजनं पुन्हा भरत होते. त्या दिवशी त्या मला एकदाही रागावल्या नाहीत.

पुढे तब्येतीचं कारण सांगून त्या कलबुर्गीजवळच्या आळंदला, आपल्या घरी गेल्या. वर्षभराने ऑफिसच बंद पडलं. हैदराबादच्या एका कंपनीने माझी मुलाखत घेतली आणि रेफरन्ससाठी दोन नावं मागितली. मैत्रिणी म्हणाल्या, गोड बोलणारी माणसं दे. मी ऑफिसच्या मालकांचं आणि कॉलेजच्या सरांचं नाव दिलं. अक्कांचं मुद्दाम टाळलं.

दोन दिवसांनी कंपनीतून फोन आला. "दोघंही चांगलंच बोलले. पण तुमचं काम रोज पाहिलेलं कुणी आहे का?"

असं एकच माणूस होतं. मी आळंदला फोन लावला.

"नाव द्यायच्या आधी विचारलीस, बरं केलीस," अक्का म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता. "सर्दी हाय," म्हणाल्या. मग थांबून विचारलं, "तुरीची वजनं गेलती, ते बी सांगू का?"

या वेळी त्या उत्तराची वाट बघत होत्या.

"सांगा, अक्का."

नोकरी लागली. रुजू झाल्यावर नवे साहेब म्हणाले, "तुमची चूक त्यांनीच सांगितली. चूक लपवली नाही, हेही त्याच म्हणाल्या. आम्हाला तेवढंच पाहिजे होतं."

पहिल्याच सुट्टीत मी आळंदला गेले. दार त्यांच्या धाकट्या बहिणीने उघडलं. अक्का जाऊन वीस दिवस झाले होते. मूत्रपिंडाचा आजार होता. मला कुणी कळवलं नव्हतं, कारण अक्कांनीच नको म्हटलं होतं.

"तुमच्या कंपनीचा फोन यायचा होता ना," बहीण सांगत होती, "तवा उठून बसायचं बी त्राण न्हवतं तिला. तरी मला म्हणली, इस्त्रीचं लुगडं काढ. वेणी घालून घेतली, विभूती लावली, खुर्चीत बसली. मी म्हणलं, अगं, फोनवर कोण बघायलंय तुला? तर म्हणली, गप बस. पोरीच्या नोकरीचं हाय."