पाइनचं कवळ

वेल्ह्याकडं भाताची रोपं टाकायची जागा आधी भाजून घेतात, त्याला राब म्हणतात. त्यासाठी ऐन, किंजळाच्या फांद्या छाटतात. त्या फांद्यांना कवळ म्हणतात. झाड पार बोडकं होतं आणि पावसात पुन्हा फुटतं. माझे सासरे आयुष्यभर हेच बघत आलेले.

माझा नवरा सैन्यात होता. निवृत्त होऊन येताना शिलाँगहून पाइनचं वीतभर रोप घेऊन आला, तिथल्या मातीसकट. त्या मातीतल्या बुरशीशिवाय मुळं नीट धरत नाहीत म्हणे. घरामागच्या उतारावर लावलं. मुरमाड जमीन त्याला चालते, ऊन भरपूर लागतं, पण मुळाशी पाणी तुंबलेलं खपत नाही. बघता बघता ते कौलांच्या वर गेलं. मग नवरा हार्ट अटॅकने गेला. मी नोकरीसाठी भोरला राहते, शनिवारी गावी येते.

होळीनंतरच्या शनिवारी आले तर उतारावर नुसता खांब उभा.

"मामा, पाइनचं काय झालं?"

"औंदा ऐनाचं कवळ पुरलं न्हाई," सासरे म्हणाले. "लई दाट झालतं ते. आता बघ पावसात कसं जोमानं फुटतंय."

राब पेटवला तेव्हा पाइनची सुईसारखी पानं तेल ओतल्यासारखी भडकली.

पाऊस लागला, ऐन पालवले. सासरे गुडघा धरत रोज उतार चढायचे, सालीच्या भेगांत बोटं घालून कोंब चाचपायचे. शेणखतही घातलं. शेजारी चेष्टेनं म्हणाला, "मिलिटरीतलं झाड हाय, ऑर्डर आल्याबिगर फुटायचं न्हाई." सासरे हसलेसुद्धा.

कुणाला आशेवर ठेवणं मला जमत नाही. नवऱ्याच्या वेळी दवाखान्यात आम्हाला तसं ठेवलं होतं. श्रावणात मी सरळ सांगितलं, "मामा, ते आता फुटणार नाही. सगळा हिरवा पाला काढला की पाइन मरतं. ऐनासारखं नसतं ते."

"तुला कुणी सांगितलं?"

"ह्यांनीच. लावलं तेव्हा."

सासऱ्यांनी हातातला कोयता खाली ठेवला.

"मला न्हाई बोलला त्यो."

बापलेकाचं बोलणं पिकापाण्यापुरतंच असायचं. मी ताट वाढलं.

"मला कायबी सांगायचा न्हाई," ते म्हणाले आणि ताट बाजूला सारलं.