भिंतीची केशरी नखं

कॉलेजच्या सॉफ्टबॉल टीममध्ये तिला सगळ्या ‘भिंत’ म्हणायच्या. ती कॅचर होती. बॅट घेतलेल्या मुलीच्या मागे उकिडवी बसायची आणि आलेला बॉल अडवायची. काय बिशाद एखादा मागे निसटेल! यंदा मात्र भिंतीला भगदाड पडलं होतं, आणि ते कुणी पाडलं हे तिला पक्कं ठाऊक होतं. बारकीनं.

बारकी म्हणजे टीमची पिचर, बॉल टाकणारी. शाळेपासूनची मैत्रीण, एका डब्यात जेवलेली. दोघींची पद्धत ठरलेली होती. भिंतीनं मांड्यांच्या आडोशाला, समोरच्या टीमला दिसणार नाहीत अशी बोटं दाखवायची: एक म्हणजे वेगवान, दोन म्हणजे बाहेर वळणारा, तीन म्हणजे संथ. बारकीनं मान हलवायची आणि तोच टाकायचा. आता मान हलायची अगदी शहाण्यासारखी, आणि यायचा भलताच! भिंत संथ बॉलची वाट बघतेय, तर तो आपला सणसणत हजर. अंगठा सुजला, बॉल मागे पळाले, एकामागून एक मॅच हातची गेली.

“यंदा कॅप्टन मला केलं ना, तेच सलतंय तिला,” असं भिंतीनं स्वतःच ठरवून टाकलं. आता सरळ विचारलं असतं तर काय जीभ झडली असती? पण नाही! बाईसाहेब तोंड फुगवून बसल्या, आणि आतल्या आत झुरत राहिल्या.

शेवटच्या मॅचच्या आदल्या दिवशी सरांनी तिला बाजूला घेतलं. “उद्या बारकी टाकेल की राखीव पोरगी, ते तू ठरव. घरी गेलीस की फोन कर. पण एक सांगतो, उद्या बाहेर बसवलीस तर बारकी पुन्हा मैदानावर पाऊल ठेवायची नाही. हट्टी आहे ती.”

भिंतीनं वाटेतच ठरवलं. राखीव पोरगी. बस झाले लाड.

ती मावशीकडे राहायची. मावशीचं ब्युटी पार्लर रस्त्याला लागूनच, आणि समोर बसस्टॉप. तिथे बारकी उभी होती. नजरानजर झाली. भिंतीला राहवलं नाही, तिनं हात केला. बारकी नुसती बघत राहिली, दगडासारखी. भिंतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खिशातून फोन काढून ती सरांचा नंबर लावणार, एवढ्यात बस आली.

बस स्टॉपच्या थोडी अलीकडेच थांबली. कपाळावर भलामोठा आकडा. बारकीनं डोळे बारीक केले, मान पुढे काढली, आणि शेजारच्या जाड भिंगांच्या आजींना रस्त्यापलीकडे ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं विचारलं, “आजी, कुठली बस हो ही?”

आजींनी चष्मा सावरून आकडा वाचून दाखवला.

भिंत फोन हातात धरून तशीच उभी राहिली. मग रस्ता ओलांडून धावत सुटली आणि बारकीचं मनगट धरलं. “तुला दिसत नाही?”

“तू होय! हळू बोल ना. लांबचं धूसर दिसतं. तुझा ग्लोव्ह दिसतो गं, बोटं नाही दिसत.”

“मग मान कशाला हलवतेस नंदीबैलासारखी?”

“अंदाजानं टाकायचे.” बारकीला रडू फुटलं. “चष्मा लागला तर आई खेळणंच बंद करेल. म्हणून बोलले नाही.”

“म्हणजे तू माझ्यावर चिडलेली नाहीस?”

“चिडू कशाला? तू मार खातेस, तरी एका शब्दानं बोलत नाहीस मला!”

भिंतीला हसावं की हिला एक ठेवून द्यावी, कळेना. छातीवरचं ओझं मात्र तिथेच, बसस्टॉपवर उतरलं. तिनं फोन लावला. “सर, बारकीच टाकणार. दिसत नाहीये तिला, पण तो इलाज आम्ही करतो.”

इलाज मावशीनं केला. भिंतीचा हात ओढून घेत ती म्हणाली, “गावाची नखं रंगवते मी, आणि घरातल्या पोरीची बोटं बघावीत तर काळीनिळी!” तिनं सगळ्यात भडक केशरी रंग निवडला आणि दोनदा फासला. बारकीला पार रस्त्यापलीकडे उभं केलं. भिंतीनं बोटं दाखवली. “तीन!” पलीकडून आवाज आला. “आता दोन!”

“उद्या मॅच, परवा डोळ्यांचा डॉक्टर,” मावशी म्हणाली. “आईशी मी बोलते.”

दुसऱ्या दिवशी शेवटच्या बॅटरपर्यंत मॅच ताणली गेली. भिंतीनं तीन केशरी नखं दाखवली. बारकीनं मान हलवली आणि बॉल आला संथ, लाडात आल्यासारखा. बॅटरनं घाईघाईनं हवेतच बॅट फिरवली. बॉल ग्लोव्हमध्ये! भिंत तिथेच मातीत बसली आणि हमसून हमसून रडली. अख्ख्या वर्षात जिंकलेली एवढीच एक मॅच.

पुढच्या आठवड्यात बारकी मागे पट्टा बांधलेला चष्मा लावून मैदानावर आली. भिंतीकडे बघून थबकली. मैदानावर पाऊल ठेवलं की भिंतीच्या कपाळाला आठ्या पडायच्या, ही यंदा तिला लागलेली खोड.

“अगं, तू नेहमी अशीच बघतेस माझ्याकडे?”

“यंदा तरी अशीच बघत होते.”

“बाई गं! आणि मला वाटायचं, तू हसतेयस,” बारकी म्हणाली. “म्हणून तर मी टाकत राहिले.”