सईने ओ दिली नाही

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून चहा टाकायला जाणारी बाई. कुडाळात वाढले, पण देवचार, चकवा असलं काही मला कधी पटलं नाही... ह्याच विषयावरून सासूबाईंशी माझं वाजलं होतं. म्हणून हे लिहायला जरा जडच जातंय.

आम्ही बहारीनला सनदमध्ये राहतो. मिस्टर सित्र्याला एका कंपनीत फिटर, मी एका क्लिनिकमध्ये रिसेप्शनला. मुलगी सई, सात वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्लिशमध्ये. सासूबाई गावाहून रोज व्हिडिओ कॉल करतात.

मागे शाळेतून तक्रार आली — सईला हाक मारली तरी ती लक्ष देत नाही, कान तपासून घ्या. टेस्ट केली तर कान ठणठणीत! मग खोदून विचारलं तेव्हा कळलं, आजीने कॉलवर शिकवलं होतं, "एका हाकेक ओ देऊ नको हां बाय. एकदाच हाक मारता ता माणूस नसता. तिसऱ्या हाकेकच ओ दी." आणि कार्टीने ते मनावर घेतलेलं! टीचरला बिचारीला तीनतीनदा ओरडावं लागत होतं. मी सासूबाईंना फोनवर नको नको ते बोलले. असलं काही भरवायचं असेल तर पोरीला फोनच करू नका, इथपर्यंत. त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर आमचं बोलणं "जेवलात का"च्या पुढे गेलं नाही.

तर फेब्रुवारीतला एक शुक्रवार, दुपारचे साडेचार. मुहर्रकला एका मोकळ्या मैदानात चायनीज न्यू इयरचा फेस्टिव्हल होता. लाल कंदील, ढोल, आत दोन माणसं शिरून नाचवतात तो सिंह... गर्दी बऱ्यापैकी, आणि वारा सुटलेला. मिस्टर अजून पार्किंग शोधत होते. एका टेबलावर एक चिनी मुलगी ब्रशने मुलांची नावं चिनीत लिहून देत होती. सईला तिथे उभं केलं, "अजिबात हलायचं नाही" म्हणून दम दिला आणि डम्पलिंग आणायला पंधरावीस पावलांवरच्या स्टॉलला गेले. टेबलाच्या पलीकडे, म्हणजे स्टॉलच्या बरोबर उलट बाजूला, लोखंडी पाइपांची उंच कमान होती, वरपासून खालपर्यंत कंदील लावलेली. कोण कुठे होतं हे नीट सांगतेय, कारण सगळं त्यावरच आहे.

प्लेट हातात घेतली आणि धाडकन आवाज झाला. कमान आडवी! नुसती धूळ, फाटके कंदील उडताहेत, लोक ओरडताहेत. माझी प्लेट कुठे पडली ते मला आजही माहीत नाही. समोरचं टेबलच दिसेना.

"सई!"

काही नाही.

"सई!!"

काही नाही. देवा, काय हवं ते घे, पण पोरगी दे...

"सई!"

"ओ!"

जिथे उभी केली होती तिथेच होती. साधं खरचटलंही नव्हतं. आधी एक धपाटा घातला, मग पोटाशी धरून ढसाढसा रडले. नशीब, त्या क्षणी कमानीखाली कोणीच नव्हतं.

"पहिल्या हाकेला ओ द्यायला काय झालं होतं गं?"

"मम्मा, बिफोर दॅट यू कॉल्ड मी फ्रॉम देअर," तिने पडलेल्या कमानीकडे बोट दाखवलं. "सई, इकडे ये, असं. ओन्ली वन्स. सो आय डिडन्ट गो."

मी? मी स्टॉलवर "वन प्लेट" सोडून तोंडातून शब्द काढला नव्हता. मला वाटलं, घाबरून काहीतरी बरळतेय. पण ती चिनी मुलगी, ब्रश हातात तसाच, मोडक्या इंग्लिशमध्ये म्हणाली, "यू कॉल, शी लुक. देन शी डू लाइक धिस." आणि तिने एक बोट वर केलं. सई हाका मोजत होती! म्हणजे हाक त्या चिनी मुलीनेही ऐकली होती. माझ्याच आवाजातली.

मिस्टर म्हणतात, वाऱ्यात आवाज घुमतो. अहो, पण मी हाक मारलीच नव्हती, तर घुमेल काय?

घरी येऊन आधी सासूबाईंना फोन लावला. "आई, चुकले मी," एवढं आधी म्हटलं. मग सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "दुसरी हाक इली नाय मा?"

"नाही."

"मगे झाला. चेडवाक जेवूक घाल, सईक."

ती हाक कोणाची, माझा आवाज तिथे कुठून आला... मला अजूनही सांगता येत नाही. तुमच्यापैकी कोणाला पटेल असं काही सुचलं तर जरूर लिहा. मी मात्र आता डोकं खाजवणं सोडलंय. आत्ता हे लिहिता लिहिता सईला जेवायला हाक मारली. पहिलीला गप्प, दुसरीला गप्प. पूर्वी ह्यावरून माझं डोकं फिरायचं. आता तिसरी हाक मी शांतपणे मारते, आतून "ओ" येते आणि जीव भांड्यात पडतो.