साहेबांचं थांबणं

तीस वर्षं मी आठवी-नववीला गणित शिकवलं. साठ-साठ पोरांचा वर्ग, पण मी दारात उभी राहिले की शेवटच्या बाकापर्यंत चिडीचूप. त्यामुळे आमच्या चिरंजिवांनी कुत्र्याचं पिल्लू घरात आणलं आणि "आई, ह्याला ट्रेन करावं लागेल हं," असं मलाच शिकवायला लागले, तेव्हा मी म्हटलं, तुला केलं, ह्याला नाही का करणार?

मुलगा हिंजवडीला कंपनीत. पिल्लू आणलं, पंधरा दिवस त्याचे फोटो काढले आणि सोळाव्या दिवशी कंपनीने त्याला बंगळुरूला धाडलं. पिल्लू राहिलं धायरीला आमच्याकडे, म्हणजे नवरा, मी आणि माझे सासरे ह्यांच्या गळ्यात. "तात्पुरतं आहे गं," असं तो जाताना तीनदा म्हणाला. आमच्याकडे शेजारणीचं तात्पुरतं आलेलं इडलीपात्रसुद्धा नऊ वर्षं मुक्कामाला आहे.

दिसायला मात्र गोड होतं. पांढरं, अंगावर चॉकलेटी ठिपके, कान लोंबते. लस टोचायला नेलं तेव्हा जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "अहो, हा पॉइंटर. पक्ष्यांच्या शिकारीचा कुत्रा. पक्षी दिसला की जागच्या जागी थिजणार, एक पाय वर, नाक पक्ष्याकडे. मालक बंदूक झाडेपर्यंत हलायचं नाही, हे ह्यांच्या रक्तातच असतं."

"डॉक्टर, आमच्याकडे उंदीर सापडला तरी पिंजरा टेकडीवर नेऊन उघडतात," मी म्हटलं.

"मग उभ्या राहा," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या मांजराला आत बोलावलं.

पाचव्या महिन्यात त्याने ते रक्त दाखवलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी, मागून पाण्याचा टँकर येत असताना, हे महाराज रस्त्याच्या मधोमध उभे. पुढचा पाय वर, शेपूट ताठ. समोर विजेच्या खांबावर एक कबुतर निवांत पिसं साफ करत बसलेलं. मी पट्टा ओढतेय, टँकरवाला हॉर्न वाजवतोय, मागे चार स्कूटरी तुंबल्यात, पण हा ढिम्म. "मावशी, कुत्र्याचा सेल संपला का?" टँकरवाला ओरडला. शेवटी मी त्या बारा किलोच्या धोंड्याला कडेवर घेतलं आणि बाजूला झाले. कडेवरसुद्धा त्याचा पाय वरच होता.

आता सासऱ्यांबद्दल, म्हणजे बाबांबद्दल, सांगायला हवं, कारण घरात खरी काळजी होती ती त्यांची. वय ब्याऐंशी. उभा जन्म सदाशिव पेठेत गेला. सासूबाई गेल्यावर आमच्याकडे आले. तिकडे असताना रोज सकाळी पर्वती चढायचे, आणि पायऱ्यांवर धापा टाकत थांबलेल्या लोकांना "जमत नसेल तर घरी बसावं माणसानं," असं जाता जाता ऐकवायचे. गेल्या वर्षी हृदयाच्या दुखण्याने दवाखान्यात राहून आले. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, रोज अर्धा तास चाला, दम लागला तर थांबत थांबत चाला, पण चाला. नाहीतर अंथरुणाला खिळाल.

बाबांनी ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं, घरी आले आणि गॅलरीतल्या खुर्चीत बसले ते बसलेच. नवऱ्याचे हात जोडून झाले. माझं रागावून झालं. "हे रस्ते चालायचे आहेत का?" म्हणे. बागेत जा म्हटलं, तर "बाकावर बसून गुडघ्यांच्या गप्पा मारण्याइतका मी म्हातारा झालेलो नाही." दोन महिन्यांत त्यांच्या पायांच्या काड्या झाल्या. न्हाणीघरात जाताना भिंतीला हात लावायला लागले. मला आतून धडकी भरायची. आमच्या घरात काळजी बोलून दाखवायची पद्धत नाही, म्हणून मी भांडी आपटायची.

आणि एका संध्याकाळी माझे दोन्ही हात थालीपिठाच्या पिठात असताना पिल्लू दाराशी कुईकुई करायला लागलं. बाबा खुर्चीतून उठले. "साहेबांना बाहेर जायचंय. ह्या घरात कोणाला ऐकू येतं की नाही?" पिल्लाला नाव द्यायचं राहूनच गेलं होतं. मुलगा बंगळुरूहून एकेक इंग्रजी नाव पाठवायचा, आम्ही विसरायचो. बाबा त्याला साहेब म्हणायचे, आणि तेही अहो-जाहो करून. मी पिठाच्या हातांनी बघत राहिले. बाबांनी चपला घातल्या, पट्टा घेतला आणि गेले की हो!

पाऊण तासाने परत. दारातूनच सुरुवात. "काय प्राणी आहे! अकरा वेळा थांबला. अकरा! कबुतर दिसलं, थांब. साळुंकी दिसली, थांब. त्या इस्त्रीवालीच्या झाडाखाली तर पाच मिनिटं. शेवटी मी विचारलं, आपली पाहणी आटोपली असेल तर निघू या का?"

दुसऱ्या दिवशी सहाच्या ठोक्याला चपला घालून पुन्हा तयार. तिसऱ्याही दिवशी. सकाळी नवरा साहेबांना मोकळ्या मैदानात पळवून आणायचा, संध्याकाळ बाबांची. महिनाभर हे चाललं आणि महिनाभर रोज रात्रीच्या ताटावर साहेबांचं थांबणं वाढलेलं असायचं. नणंदेला फोनवर तेच, सोसायटीच्या वॉचमनला तेच, दूधवाल्याला तेच. "माझा अर्धा जन्म ह्या कुत्र्यामागे उभं राहण्यात जाणार!" हे म्हणता म्हणता ते तिसरी पोळी मागून घ्यायचे. भिंतीला हात लावणंही बंद झालं. हे सगळं मला दिसत होतं, पण माझे कान तक्रारीकडे. म्हटलं, बिचारे बाबा ह्या वयात चालायला लागलेत आणि हे कार्टं त्यांचा छळ मांडतंय. थांब, तुला सरळ करते.

मी रीतसर टाचण काढलं. घटक: कबुतर. उपघटक: कबुतराकडे दुर्लक्ष करणे. शैक्षणिक साहित्य: चीजचे तुकडे. पद्धत मोबाईलवर एका गोऱ्या बाईच्या व्हिडिओत बघितली होती. कुत्रा पक्ष्याकडे बघतो, आपण गप्प राहायचं. तो कंटाळून आपल्याकडे बघतो, लगेच "चल" म्हणायचं आणि खाऊ द्यायचा. त्या बाईचा कुत्रा चार सेकंदांत कंटाळला. आमचा कंटाळेना.

पहिल्या दिवशी गच्चीवर पाण्याच्या टाकीवर कबुतर, खाली साहेब थिजलेले, आणि शेजारी हातात चीज धरून मी. दहा मिनिटं झाली. माझा दंड भरून आला. कबुतर उडालं, पण टाकीमागून एक कावळा आला आणि माझ्या हातातलं चीज घेऊन गेला. वरच्या मजल्यावरच्या बाई कपडे वाळत घालत होत्या. "मॅडम, शिकवणी कुत्र्याची आहे की कावळ्याची?" त्यांनी विचारलं. मी दुसरा तुकडा काढला. तीस वर्षं असले टोमणे पालकसभेत पचवलेत.

पण मी चिवट. चार आठवडे रोज दुपारी वर्ग भरला. आधी तो शेपटीचं टोक हलवायला लागला, मग कान, मग एका डोळ्याने माझ्याकडे बघायला लागला. शेवटी मी त्याला देवळापुढच्या चौकात नेलं. तिथे लोक ज्वारी टाकतात, त्यामुळे कबुतरांचा नुसता सडा. साहेबांनी कबुतरांकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "चल." आणि तो चालायला लागला! मधून, सरळ, डावीकडे नाही, उजवीकडे नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्या शाळेचा शंभर टक्के निकाल लागला तेव्हासुद्धा आलं नव्हतं.

घरी येऊन मी जाहीर केलं, "बाबा, आता साहेब कुठ्ठे म्हणून थांबणार नाहीत."

बाबांनी पेपर खाली केला. "कुठ्ठेच नाही?"

"कुठ्ठेच नाही!"

"अरे वा," ते म्हणाले. "उत्तम."

दुसऱ्या दिवशी दोघं गेले आणि दहा मिनिटांत परत आले. बाबांच्या कपाळावर घाम. "ऊन फार आहे," म्हणाले. संध्याकाळचे सव्वासहा वाजले होते. त्याच्या दुसऱ्या दिवशी गुडघा दुखत होता. तिसऱ्या दिवशी पेपर वाचायचा राहिला होता. चौथ्या दिवशी मी काही विचारलं नाही आणि ते उठले नाहीत. आठवड्याभरात खुर्ची पुन्हा गॅलरीत, पोळ्या पुन्हा दोनच्या दीड, आणि न्हाणीघराकडे जाताना हात पुन्हा भिंतीवर. माझं डोकंच फिरलं. "तुमच्यासाठी महिनाभर उन्हात तळले मी! आता कुत्रा सुतासारखा सरळ चालतो, तर तुम्हाला काय झालं?"

"चालतो ना," बाबा म्हणाले. "फारच छान चालतो." आणि पेपर वर केला.

मग साहेबांची संध्याकाळही माझ्यावर आली. गल्लीच्या पुढे कडुलिंबाखाली एक बाई इस्त्रीची गाडी लावते, मूळच्या धायरी गावातली. तिने मला हाक मारली. "बाई, आजोबा बरं हायत न्हवं? धा दिस झालं, दिसलं न्हाईत."

म्हटलं, "त्यांना कंटाळा आलाय. आणि आता तुमच्या झाडाखाली कुत्रा थांबतही नाही, शिकवलाय मी त्याला."

"तेच की," ती इस्त्री उभी करून म्हणाली. "आवं, कुत्रं थांबायचं म्हणून तर आजोबा थांबायचं. हितं झाडाला टेकून हुभं. कबुतर कवाच उडून जायचं, कुत्रं बी बसून घ्यायचं, पर ह्यांचा दम खाली बसत नसायचा. छाती अशी भात्यावानी हालायची. म्या म्हनलं, आजोबा, स्टूल देऊ का? तर म्हनलं, नको, कुत्र्याचं काम चाललंय." तिने शर्ट उलटा केला. "शेवटचं आलं त्या दिशी कुत्रं थांबंचना. आजोबांनी झाडाला हात लावाया केला, तंवर ते फुडं. आजोबा फरफटतच गेलं की. लई वंगाळ वाटलं बघा."

मला तिथल्या तिथे रडू फुटलं. इस्त्रीवाली बिचारी घाबरली. ज्या माणसाने आयुष्यभर धापा टाकणाऱ्यांना टोमणे मारले, तो भर रस्त्यात धापा टाकत कसा उभा राहणार? कुत्रा थांबला म्हणून थांबलो, ह्यात कमीपणा नव्हता. मी स्वतःलाच म्हटलं, अगं बये, पुण्यात जन्मलीस, पुण्यात वाढलीस, आणि एवढं कळू नये? इथला माणूस एखाद्या गोष्टीची रोज चवीने तक्रार करतो, म्हणजे ती त्याला हवी असते. नको असती तर तो पहिल्याच दिवशी बंद करवतो. मी बाबांचा एकुलता एक आधार स्वतःच्या हाताने, वर चीज चारून, काढून घेतला होता.

दुसऱ्या दिवसापासून गच्चीवर उलटा अभ्यासक्रम. पण साहेब आता व्यवहार शिकले होते. कबुतर दिसलं की माझ्यापाशी येऊन चीजसाठी हात, म्हणजे पाय, पुढे करायचे. मी चीज बंद केलं, "चल" बंद केलं. त्याने माझ्याकडे बघितलं की मी कबुतराकडे बघायची. मान पुढे काढून, श्वास रोखून, अगदी मन लावून. वरच्या बाई पुन्हा कपडे घेऊन आल्या. "आता तुम्ही का?" त्यांनी विचारलं. मी हलले नाही, कारण त्या क्षणी साहेबांचा पुढचा पाय जमिनीवरून किंचित सुटला होता.

दहा दिवसांत निम्मं परत आलं. कधी थांबायचा, कधी नाही. तेवढ्यावर मी बाबांपुढे जाऊन उभी राहिले. "बाबा, माझं शिकवणं टिकलं नाही. पुन्हा थांबायला लागलाय."

"तरीच," बाबा पेपराआडून म्हणाले, "तुझी पोरं दहावीत सगळं विसरून जायची." पण पाय चपला शोधायला लागले होते. मला कोथिंबीर आणायचीच आहे असं सांगून मीही बरोबर निघाले.

पहिल्या खांबाशी साहेब थांबले. बाबांनी "सुरू झालं ह्यांचं!" असं म्हणून खांबाला हात टेकला. इस्त्रीवालीच्या झाडाखाली थांबले, तिथे तर चांगलेच रमले. पण पुढे मोठ्या रस्त्याकडे जाणारा चढ लागतो, आणि त्या चढावर एक चिटपाखरू नव्हतं. साहेब आपले तुरुतुरु पुढे. मला बाबांचा श्वास ऐकू यायला लागला. पट्टा धरलेली बोटं पांढरी पडली होती. बाबा, बसू या, असं मी म्हटलं असतं, तर ते तसेच चढून गेले असते, आणि उद्यापासून पुन्हा खुर्ची.

मी थांबले. मान वर केली.

"बाबा, ते बघा."

"कुठे?"

"तारेवर. त्या टोकाला."

तारेवर काही नव्हतं. बाबांनी तारेकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी तारेवरची नजर काढली नाही. मग माझ्या खांद्यावर त्यांचा हात आला. पस्तीस वर्षं मी त्या घरची सून आहे, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. सगळा भार टाकला त्यांनी.

"हो," ते धापा टाकत म्हणाले. "आहे खरं. जरा... बघू दे मला नीट."

"बघा की," मी म्हटलं. "कुठे जाणार आहे ते."

आम्ही दोघं त्या रिकाम्या तारेकडे बघत उभे राहिलो. साहेबांनी एकदा तारेकडे बघितलं, एकदा आमच्याकडे बघितलं, आणि कंटाळून खाली बसले.