खणानारळाचं मत

जैतापूरच्या बंदरात आगबोट लांब उभी राही आणि तिच्यापर्यंत पडावातून जावं लागे. अठ्ठेचाळीस साली मी दोन मुलं, एक ट्रंक आणि तांदळाचं गाठोडं घेऊन पडावात बसले, तेव्हा सासूबाई गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. ट्रंकेशेजारी मी पाटा-वरवंटा बांधून ठेवला होता. तो त्यांनी ऐन वेळी काढून घेतला. "पाटा घरातच राहू दे. तुम्ही काय कायमच्या चाललात?" त्या म्हणाल्या. "परमुलखात पाहुण्यासारखं राहायचं. पानात पडेल ते खायचं, बोलायचं नाही." मला ते शहाणपणाचं वाटलं. पडाव हलला, धाकटीने माझ्या लुगड्यावर ओकारी काढली, मी ती पुसत बसले. रडायला सवड झाली नाही.

हे मी तिकडे राहिलेल्यांसाठी लिहिते आहे, आणि माझ्यासारख्या इकडे आलेल्यांसाठीही. तिकडच्यांना वाटतं, आम्ही कल्याणात सुखात आहोत. इकडच्यांना वाटतं, आपण चार दिवसांचे आहोत. दोघंही चुकतात, आणि त्या चुकीला वास येतो.

वास गटाराचा. आमचे हे जवळच्या मोहने गावातल्या कारखान्यात हजेरी कारकून म्हणून लागले आणि आम्ही कल्याणात चौदा खोल्यांच्या चाळीत बिऱ्हाड केलं. नगरपालिकेने आमच्या वॉर्डात पक्कं गटार बांधलं होतं. ते वरच्या आळीत वॉर्डाच्या मेंबरांच्या घरापासून निघायचं आणि आमच्या चाळीच्या भिंतीपाशी संपायचं. पुढे खाडी फार तर तीनशे पावलांवर, पण तेवढं बांधायचं राहिलं. त्यामुळे वरच्या आळीचं खरकटं, मोऱ्यांचं पाणी आणि ज्याचं नाव जेवताना घेऊ नये तेही, सगळं वाहत येऊन आमच्या दारांपुढे पसरायचं. पावसाळ्यात ते उंबऱ्याच्या आत यायचं. मी खराट्याने शेजारणीकडे ढकलायची, ती माझ्याकडे. पहिल्या महिन्यात मला अन्न गेलं नाही. दुसऱ्या महिन्यात जाऊ लागलं. माणसाला किळसेचीही सवय होते, याची मला आजही शिसारी येते.

दुसऱ्या वर्षी चाळीत विषमज्वर आला. माझी धाकटी एकवीस दिवस तापाने फणफणली आणि उठून बसली. पलीकडच्या खोलीतल्या मालतीचं दोन वर्षांचं मूल उठलं नाही. मालती तेव्हा जेमतेम बावीस वर्षांची असेल. तिने मूल गेल्यावर पहिल्यांदा काय केलं, तर फडका घेऊन उंबरा घासला. घासतच राहिली. शेवटी मी तिच्या हातातून फडका ओढून घेतला.

मग आम्ही सहा-सात बायका मेंबरांकडे गेलो. ते झोपाळ्यावर बसून सुपारी कातरत होते. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या चाळीत मतं किती?"

त्यांनी आतून यादी मागवली, बोट फिरवत गेले आणि हसले.

"एकही नाही. म्हणजे कागदोपत्री तुम्ही इथे राहतच नाही. मग जे राहतच नाहीत, त्यांच्या दारात गटार कसं तुंबेल हो?"

झोपाळ्यामागे बसलेले दोघे-तिघेही हसले. मला राग आला, पण यादी खोटी नव्हती. यादी करणारा माणूस चाळीत आला होता, तेव्हा आमचे पुरुष ओट्यावर बसले होते. त्यांनी त्याला छाती पुढे काढून सांगितलं होतं, "आमचं घर कोकणात. इथे आम्ही पोटापुरते." यात आमचे हेही होते. देशातली पहिली मोठी निवडणूक झाली, तेव्हा आमची नावं गावच्या यादीत आणि आम्ही कल्याणात. मताला बोटीचं भाडं खर्चून कोण जाणार? चौदा खोल्यांमधून एकही मत पडलं नाही, आणि याची कुणाला लाजही वाटली नाही.

मला शुद्धीवर आणलं ते पारूबायने. ती खाडीकाठची आगरीण, आमच्या चाळीत भाजी विकायला यायची. एकदा पाटी टेकायला कोरडी जागा शोधता शोधता तिने मला विचारलं, "गो बाय, चूल कंच्या गावाला पेटते तुजी?"

"इथेच."

"मंग मत पन इथंच. मेल्यावर नेतील तुला गावाला. जित्ती हायेस तवर हितली." आणि नाकाला पदर लावून पुढे गेली.

नगरपालिकेची निवडणूक आली तेव्हा आम्हाला इथे येऊन पाच-सहा वर्षं झाली होती. मी स्वतः कचेरीत जाऊन भिंतीवर लावलेली यादी वाचली. नव्याने इकडे येणाऱ्यांना सांगते, यादी स्वतः वाचा. नवऱ्याला पाठवू नका, तो आपलं नाव बघून परत येतो. नाव नसेल तर मुदतीत अर्ज द्यावा लागतो, आणि मुदत कुणी दारात येऊन सांगत नाही. कारकुनाने मला विचारलं, "घरात पुरुषमाणूस नाही का?" मी म्हटलं, "आहे. पण मत माझं आहे." त्याने अर्ज दिले ते माणसाने भिकेचा तुकडा टाकावा तसे.

अर्ज भरणं सोपं नव्हतं. एकीने माहेरचं नाव सांगितलं, कारण सासरचं तिला स्वतःला कधी हाक म्हणून ऐकू आलंच नव्हतं. दुसरी म्हणाली, "बाळूची आई म्हणून लिहा, सगळे तेच म्हणतात." नवऱ्याचं नाव उच्चारायला तर एकही तयार होईना. त्यासाठी मला प्रत्येकीच्या पोराला हाक मारून विचारावं लागलं. पुरुष वेगळ्याच काळजीत. आमचे हे म्हणाले, "अगं, इथे नाव घातलं की गावात म्हणतील, हे तिकडचेच झाले."

"म्हणू देत. गावातले येऊन गटार उपसणार आहेत का?"

दहा दिवस मी दारोदार हिंडले. चाळीतली सगळी नावं चढली.

निवडणुकीला मेंबर पुन्हा उभे राहिले, छत्रीच्या चित्रावर. त्यांच्याविरुद्ध नाना कंपाउंडर, शिडीच्या चित्रावर. नाना दवाखान्यात औषधं बांधायचे. मालतीचं मूल आजारी होतं तेव्हा ते रोज सकाळी येऊन बघून जायचे. भाषण त्यांना येत नव्हतं. एक दिवस सुतळीचं भेंडोळं घेऊन आले, चाळीच्या भिंतीपासून खाडीपर्यंत चिखलातून चालत स्वतः माप घेतलं आणि म्हणाले, "एवढंच तर आहे. निवडून आलो तर हे पहिलं काम." आम्हाला आणखी काही नको होतं.

मताच्या दोन दिवस आधी मेंबरांच्या घरून हळदीकुंकवाचं बोलावणं आलं. चाळीतल्या सगळ्या सवाष्णींना. पाच वर्षांत त्यांनी आम्हाला पाण्याचा पेलासुद्धा विचारला नव्हता. तरी आम्ही गेलो. हळदीकुंकवाला नाही म्हणू नये, असं आमच्यात आहे, आणि त्यांना ते चांगलं ठाऊक होतं. जरीचं लुगडं नेसलेल्या मेंबरीणबाईंनी अत्तर लावलं, पन्हं दिलं, एकेकीला पाटावर बसवून खणानारळाने ओटी भरली. मालतीच्या ओटीत नारळ घालताना म्हणाल्या, "यंदा मांडी भरेल हं तुझी." मालतीने मान वर केली नाही. मग बाई सगळ्यांकडे बघून गोड हसल्या.

"ओटी भरलेय, आता तोंड फिरवायचं नाही हं बायांनो. आपापल्या कुंकवाला स्मरून छत्रीच्या पेटीत टाका."

घरी येताना मी सगळ्यांना बजावलं. मत पडद्याआड द्यायचं असतं. प्रत्येकाच्या चित्राची पेटी वेगळी असते, चिठ्ठी आपल्या हाताने टाकायची, कुणी बघत नाही. नारळ फोडा, खाऊन टाका, आणि मत शिडीला द्या. "पण काकू, कुंकवाची शपथ घातलीय ना," एक म्हणाली. मी तिला झापलं. "शपथ त्यांनी घातली. आपण कुठे घेतली?"

त्याच आठवड्यात यांना हिवताप झाला होता. साधा हिवताप, दर वर्षी यायचा तसाच. मताच्या दिवशी सकाळी त्यांना गोळी देऊन, कपाळावर पट्टी ठेवून मी निघाले. शाळेत रांग होती. माझं नाव पुकारलं गेलं, माझं पूर्ण नाव, एका परक्या माणसाच्या तोंडून, मोठ्याने. मला बरं वाटलं, हे कबूल करते. चिठ्ठी घेऊन पडद्याआड गेले. दोन पेट्या होत्या. शिडी डावीकडे. मी हात पुढे केला, आणि मला यांचं पट्टीखालचं तापलेलं कपाळ दिसलं.

मी चिठ्ठी छत्रीच्या पेटीत टाकली.

घरी आले तर हे उठून बसले होते, पेज मागत होते. चार दिवसांत कामावर गेले. ते तसेही गेलेच असते.

मेंबर निवडून आले. थोड्या मतांनी, पण आले. एका मताने काही फरक पडला नसता, एवढं गणित मला येतं. ते गणित मी पुष्कळदा करून पाहिलं, त्याने तोंडाची चव बदलत नाही. निकालाच्या संध्याकाळी बायका माझ्या खोलीत जमल्या, एकमेकींवर संशय घेत, कुणी फसवलं म्हणत. मी चूल फुंकत होते. मालती दारातच उभी होती. ती म्हणाली, "मी शिडीलाच दिलं. त्या नारळाची त्याच दिवशी चटणी केली आणि दोघांनी खाल्ली. माझं जायचं ते गेलंय काकू, आता मला कसली शपथ घालतात?" आणि मग म्हणाली, "तुम्ही होता म्हणून धीर झाला हो."

मी तिला तेव्हा काही सांगितलं नाही. चार दिवसांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं. रागावली असती तर बरं झालं असतं. "असं होय," एवढंच म्हणाली आणि धुण्याची बादली उचलून गेली. त्यानंतर कितीतरी दिवस ती मला काकू म्हणाली नाही, नुसतं "अहो" म्हणायची. मला मेंबरांची किळस येते, त्यांच्या बायकोच्या गोड हसण्याची येते, ओट्यावर बसून छाती काढणाऱ्या आमच्या पुरुषांची येते. पण सगळ्यांत जास्त कुणाची येते, ते आता तुम्हाला कळलं असेल.

गटार अजून भिंतीपाशीच संपतं. निवडून आल्यावर मेंबरांनी एकदा चुन्याची भुकटी टाकायला माणूस पाठवला. मी दर पंधरा दिवसांनी कचेरीत अर्ज देते आणि पोच घेतल्याशिवाय उठत नाही. कारकून आता मला खुर्ची देतो. गेल्या खेपेला मालती आपण होऊन माझ्याबरोबर आली. अर्जावर तिने माझ्या सहीखाली सही केली, सासरचं नाव, पूर्ण.

यंदा गावाहून धाकट्या दिरांचं पत्र आलं. गावात पंचायत होते आहे, यादीत तुम्हा दोघांची नावं घालून ठेवली आहेत, मताच्या दिवशी या, घर वाट बघतं आहे. पत्र वाचून यांनी त्याची घडी घातली आणि पुन्हा उघडली. त्यांना अंगण आठवलं असणार. मलाही आठवतं. शेणाने सारवलेलं, कोरडं, स्वच्छ. पण त्या अंगणात मी कुणाचं काही बिघडवलेलं नाही, आणि निस्तरायचंही नाही. इथे बिघडवलं आहे. मालती ज्या उंबऱ्यावर फडका घासत होती, त्याच्यापुढची घाण माझ्याही हाताने तिथे राहिली. ती खाडीत जाईपर्यंत माझं घर हेच, आणि पुढल्या यादीत माझं नाव इथेच हवं.

एवढं सगळं दिरांना लिहिलं नाही. पोस्टकार्डावर एकच ओळ लिहिली, "आमची नावं तिथून खोडा." यांनी ती दोनदा वाचली. मग लेखणी मागितली आणि खाली सही केली.