नात्याच्या रकान्यात

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून केलं ते बिड्यांचं काम. ती पान कापून, तंबाखू भरून वळायची, मी दोरा बांधायचो. जन्म चादरीच्या मागावर गेला, म्हणून माझी गाठ मागावरची, घट्ट. ती म्हणाली, "अवं, बिडी हाय ती, चादर न्हाय. वडणाऱ्याला श्वास तरी घेऊ द्या की!"

आमचं लग्न झालेलं नव्हतं. ती विधवा, मी बिनलग्नाचा. आई होती तोवर आईनं होऊ दिलं नाही. आई गेल्यावर हीच म्हणाली, "आता पांढऱ्या केसांत अक्षता कुटं शोधत बसू?" बत्तीस वर्षं एका चुलीवर जेवलो. पण दवाखान्यात, रेशनला, कुठंही नातं विचारलं की 'शेजारी' सांगायचो. खोटं बोलायचं नाही म्हणून. केवढं खोटं होतं ते!

आदल्या दिवशी आमच्या बिडीवाल्यांच्या वसाहतीत एक वकीलबाई येऊन बोलल्या होत्या. खूप वर्षं नवरा-बायकोसारखं राहिलात आणि लोकही तसंच मानतात, तर कायदा तुम्हाला नवरा-बायको धरून चालतो. नाही म्हणणाऱ्यानं ते सिद्ध करायचं. दोरा बांधता बांधता मी हे तिला सांगितलं. तिची कात्री थांबली.

"सरकारला आपलं कसं कळलं वो?"

मलाही तेच नवल. भावकीला सुचलं नाही, ते कुणीतरी लांब बसून लिहून ठेवलं होतं. आमची ओळखपाळख नसताना.

दुपारी ती जरा पडते म्हणाली. उठली नाही.

संध्याकाळी स्मशानात कारकुनानं विचारलं, "मयताचं कोण?" तिचा भाऊ पुढं झाला. तो आमच्याकडं कधी पाणीसुद्धा प्यायला नव्हता. म्हणाला, "मी भाऊ. अग्नी मीच देणार. हे शेजारी."

मी त्याच्या पुढं गेलो. म्हणालो, "नवरा. लिवा."

"लग्न कधी झालं?" भाऊ म्हणाला.

"न्हाय झालं. कायदा धरतो."

कारकून बघतच राहिला. मागनं बिडीवाल्या बाया ओरडल्या, "नवराच हाय की वो! आमी काय आंधळ्या हाय का?" कारकुनानं रकान्यात 'पती' लिहिलं. मी अंगठा उठवला. त्या दोन अक्षरांकडं बघत उभा राहिलो. वकीलबाई म्हणाल्या तसंच झालं होतं, लोकांनीच सांगितलं. अग्नी मी दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी राख सावडायला गेलो. भाऊ फाटकाशी उभा होता, आत येईना. राखेच्या मडक्याला फडकं बांधायला एकट्याचे हात पुरेनात.

त्याला म्हणालो, "मेव्हणं, या. हितं धरा जरा."

त्यानं धरलं. मी मागावरची गाठ मारली.